शिरपूरची लेक : स्मिता पाटील

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई झाल्या. आसोद्याच्या आपल्या बहिणाबाईंवर तर दोनदा लिहून झाले. यंदा अध्यक्षबाईंनी ते काम माझ्याकडे दिले. मी सिनेमातल्या नटीवर लिहिते असे म्हणाले, तेव्हा दोघीतिघी हसल्या. हसण्यासारखे होतेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत, लिहिण्याची सवय हिशेबाच्या वहीपुरती. तरी जे सुचले ते लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. परंतु घराणे आपल्या खानदेशातले. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे. समाजवादी विचारांत वाढलेले, पुढे राज्याचे मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका होत्या व समाजकार्यही करीत. माझे माहेर शिरपूर तालुक्यातले. त्यामुळे आमच्या घरी स्मिताचे नाव नटी म्हणून नव्हे, तर शेजारच्या घरची पोर असावी तसे घेतले जाई. म्हणून मीही येथे तिला अहोजाहो करीत नाही.

तिघी बहिणींत ही मधली. पुण्यात शाळेत असताना ती राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात जाई. तेथे मुलामुलींनी एकत्र गावे, नाचावे, गावोगाव फिरावे आणि आपली कामे आपण करावीत, अशी रीत होती. तिचा रंग सावळा होता. आपल्याकडे सावळी मुलगी जन्मली की पहिल्या आंघोळीपासून बेसन आणि साय सुरू होते. पण हिच्या डोळ्यांत काही निराळेच तेज होते, असे तिला पाहिलेले सारे सांगतात.

वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईला गेले. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि थोड्याच काळात स्मिता तेथे मराठी बातम्या वाचू लागली. तेव्हा ती विशीच्या आतबाहेरची मुलगी होती. बातम्या सांगणारी बाई पोक्त दिसायला हवी, म्हणून साडी नेसणे भाग होते. ही जीनची पँट घालून जाई आणि तिच्यावरूनच हातमागाची साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसे. पडद्यावर पदर आणि कुंकू तेवढे दिसे. बातम्या संपल्या की साडी सोडून ठेवी आणि पुन्हा कॉलेजातली पोर होई. ही हकीकत पुष्कळ जणींनी ऐकली असेल आणि ऐकून हसल्या असतील. मीही हसले होते. पुढे मात्र ती मला वेगळ्या अर्थाने आठवू लागली.

दूरदर्शनवर तिला पाहून श्याम बेनेगल यांनी तिला सिनेमात घेतले. १९७५ साली 'चरणदास चोर' व 'निशांत' आले, १९७६ साली 'मंथन' आला. 'मंथन'साठी गुजरातेतल्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. त्यात ती गावातली गरीब बाई झाली. 'जैत रे जैत' या मराठी चित्रपटात ती डोंगरातली ठाकर मुलगी झाली. तोंडाला रंग फासून गोरी व्हावे असे तिने केले नाही. जशी होती तशीच ती लोकांपुढे गेली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले.

१९७७ साली 'भूमिका' आला. त्यातल्या कामाबद्दल तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ती अवघी बावीस वर्षांची होती. ही कथा हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून घेतलेली आहे. हंसाबाईंचे मूळचे नाव रतन. जन्म १९२३ चा. घरात पैशाची ओढाताण, म्हणून खेळण्याच्या वयात ही मुलगी स्टुडिओत गेली. 'विजयाची लग्ने' हा तिचा चित्रपट १९३६ साली आला, म्हणजे ती तेव्हा तेरा वर्षांची. साडी, अंबाडा, काजळ लावून तेरा वर्षांची पोर बाई करायची आणि बाईचीच कामे तिला द्यायची. दिवसा पडद्यासाठी मोठे व्हायचे आणि घरी कमावती म्हणून मोठे व्हायचे. लवकरच लग्नही झाले. पुढे 'संत सखू', 'लोकशाहीर रामजोशी', 'सांगत्ये ऐका' अशा चित्रपटांनी मोठे नाव मिळाले, पण सुख फार थोडे मिळाले. १९७१ साली त्या गेल्या.

स्मिताने 'भूमिका'त ही बाई परकरी वयाच्या उंबरठ्यापासून प्रौढपणापर्यंत रंगवली आहे. तो चित्रपट मी दूरचित्रवाणीवर प्रथम पाहिला, तेव्हा पोळ्या करायच्या राहिल्या. त्याचे कारण सांगते. सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली. सोळावे लागले नाही तोच पाहुणे बघायला आले. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १९७८ सालीच अठरा केले होते, पण ते कोण विचारतो! मी अंगाने लहानखुरी. मोठी दिसावी म्हणून मावशीने मला जाड काठाची साडी नेसवली, केसांत गंगावन घालून अंबाडा बांधला आणि पावले हळू टाकायला शिकवले. पाहुण्यांना पोरगी पसंत पडली. मोठी दिसायचे ते सोंग माझ्या अंगावरून पुन्हा उतरलेच नाही. स्मिताला बातम्या झाल्या की साडी सोडता येत होती. हंसाबाईंना ती सोडता आली नाही, मलाही नाही. घरच्यांना मी दोष देत नाही, त्यांना तसेच करायचे ठाऊक होते.

पुढे 'चक्र' या चित्रपटासाठी स्मिताला दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीत ती झोपडपट्टीतली अम्मा झाली. अशा वस्तीत न्हाणीघर नसते, बाईला उघड्यावर आंघोळ करावी लागते. ते दुःख दाखवणारा प्रसंग त्यात होता. जाहिरात करणाऱ्यांनी नेमके तेच चित्र फलकांवर लावले. स्मिताला त्याचा फार मनस्ताप झाला. 'नमकहलाल'मधल्या पावसातल्या गाण्यानेही ती अशीच बेचैन झाली होती. म्हणजे जिने रूपाचा बाजार मांडायचा नाही असे ठरवले, तिलाही बाजाराने सोडले नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण चरित्रात नुसती फुलेच वाहिली तर ते खरे राहत नाही. तिच्या विवाहावरूनही लोक पुष्कळ बोलले. तो तिचा संसार, त्यात आपण शिरू नये.

१९८२ साली 'बाजार' आला. हैदराबादेत कोवळ्या मुली पैसेवाल्या वयस्कर माणसांना लग्नाच्या नावाखाली विकल्या जात, त्याची ती गोष्ट. त्यात स्मिताने अशी बाई केली आहे जी स्वतःच्या स्वार्थासाठी त्या व्यवहारात हात घालते आणि आपण काय केले ते मुलीचा जीव गेल्यावर तिला कळते. त्याच सुमारास जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' आला. त्यातल्या सुलभा महाजनविषयी या मंडळात वेगळे सांगायला नको. पडद्याबाहेरही ती मुंबईच्या विमेन्स सेंटरशी जोडलेली होती. १९८५ साली तिला पद्मश्री मिळाली.

नोव्हेंबर १९८६ मध्ये तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतरचे दुखणे विकोपाला जाऊन १३ डिसेंबर १९८६ रोजी ती गेली. वय एकतीस. 'मिर्च मसाला' लोकांनी ती गेल्यावर पाहिला. त्या दिवशी माझी आई चुलीपाशी बसून रडली होती. मी लहान होते. घरातले कोण गेले, असे मी तिला विचारले होते.

आता हे चरित्र मी का निवडले ते सांगते. माझी धाकटी मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षी धुळ्याला पुतणीचे लग्न होते. हळदीच्या दिवशी सगळ्या मुलींनी एकसारखे घागरे घालायचे ठरले. मोबाईलवर फोटो येणार, म्हणून कंबर बारीक हवी आणि चेहरा कॉलेजातल्या मुलीसारखा हवा. घरात कोणी तरी तिला गोलमटोल म्हटले होते. तिने भाकरी सोडली, भात सोडला, महिनाभर काकडी आणि चहावर काढला. मला ते कळत नव्हते असे नाही. घागरा कमरेला नीट बसला, तेव्हा मीच कौतुक केले, मीच ओठांना रंग लावून दिला आणि आता कशी मोठी दिसते म्हणून जावेला दाखवली. हळदीच्या मांडवात पोर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त फार कमी झाल्याचे सांगितले. 'बाजार'मधली ती बाई मला त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर आठवली.

घरी आल्यावर मी मुलीला 'भूमिका' दाखवला. तिला तो फारसा आवडला नाही. नटी काळी आहे आणि नटत का नाही, असे तिने विचारले. उत्तर मला नीट देता आले नाही. काही दिवसांनी कपाट आवरताना तिला माझ्या लग्नाचा फोटो सापडला. तो बराच वेळ बघून तिने विचारले, की यात मी कितवीत असायला हवी होते. मी दहावीत, असे सांगितले. ती काही बोलली नाही. त्या रात्री तिने वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी घेतली, पाऊण भाकरी. आता हळूहळू खाते. अजून आरशापुढे पोट आत ओढून उभी राहते, ते मी पाहते.

भगिनींनो, आमच्या वेळी मुलीला पाहुण्यांसाठी मोठे करीत. आता ती फोटोसाठी मोठी होते आणि वर बारीकही व्हायला बघते. नेसवणारे हात मात्र आपलेच आहेत. आपल्या हळदीकुंकवाला मुली येतात, तेव्हा कोण जाडी झाली, कोण सुकली, कोण काळवंडली हेच आपण पहिले बोलतो. मीही बोलते. यंदापासून मंडळात मुलींच्या अंगाविषयी आणि रंगाविषयी अवाक्षर काढायचे नाही आणि ताटात वाढलेले त्यांना पोटभर खाऊ द्यायचे, एवढे आपण ठरवावे अशी माझी विनंती आहे. शिरपूरच्या त्या सावळ्या लेकीचे स्मरण याहून वेगळे काय करायचे?