प्राध्यापक आंबेडकर

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक रुजू झाले. त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. ही पदवी त्यांनी संपादन केली होती आणि त्यांचे मासिक वेतन ४५० रुपये होते. तथापि, अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला या विद्वान गृहस्थांनी स्पर्श करू नये, अशी काही सहकाऱ्यांची इच्छा होती. हे प्राध्यापक म्हणजेच पुढे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ख्यातकीर्त झालेले डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तेथील न्हावी अस्पृश्य मुलांचे केस कापीत नसल्याने मोठी बहीणच त्यांचे केस कापून देत असे.

सन १९०१ मध्ये भीमराव घरातील इतर मुलांसह नोकरीच्या गावी असलेल्या वडिलांना भेटावयास निघाले. या प्रवासासाठी मुलांना नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि बूट असा पोशाख मिळाला होता. मसूर स्थानकावर गाडीतून उतरलेल्या या नीटनेटक्या मुलांची स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुले महार जातीची आहेत, हे कळताच मात्र त्यांचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे कबूल केल्यावरच मुलांना बैलगाडी मिळाली. वाटेत प्यावयास पाणी मिळाले नाही. चांगल्या पोशाखाने मिळालेला मान जातीचे नाव कळताच नाहीसा होतो, हा कटू अनुभव त्या बालमनावर कायमचा कोरला गेला.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळ भागातील चाळीच्या एकाच खोलीत राहू लागले. उशाशी जाते आणि पायाशी शेळी, अशा अडचणीच्या जागेत अभ्यासासाठी शांतता मिळणे कठीण होते. म्हणून मुलाने लवकर निजावे, वडिलांनी जागे राहावे आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला अभ्यासासाठी उठवावे, असा क्रम ठरला. जागेची उणीव वेळेच्या नियोजनाने भरून काढण्याचा हा धडा भीमराव कधीही विसरले नाहीत. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना प्राध्यापक म्यूलर यांनी त्यांना पुस्तके आणि कपडे देऊन साहाय्य केले. विद्यार्थ्याला ग्रंथांइतकीच धड कपड्यांचीही गरज असते, हे त्या सहृदय शिक्षकाने ओळखले होते.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तेथून १९१६ मध्ये ते लंडनला आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढील वर्षी त्यांना मायदेशी परतावे लागले. परिश्रमाने जमविलेली त्यांची पुष्कळ पुस्तके ज्या बोटीने येत होती, ती युद्धकाळात समुद्रात बुडाली. बडोद्याच्या नोकरीत तर त्याहून मोठे दुःख वाट्यास आले. कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून फेकत. राहावयास घर मिळेना. एका पारशी निवासात त्यांनी आश्रय घेतला. परंतु त्यांची जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. परदेशी विद्या आणि सभ्य वेश या दोन्हींपैकी काहीही त्यांना तेथे निवारा मिळवून देऊ शकले नाही.

असे अनुभव पदरी घेऊन ते सिडनहॅम कॉलेजात आले होते. प्रारंभी विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकांकडे फारसे लक्ष दिले नाही. भीमरावांनी मात्र प्रत्येक व्याख्यान कसून तयारी करून दिले. विषयाची सखोल मांडणी ऐकून विद्यार्थ्यांची वृत्ती पालटली आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले.

वेतन चांगले असूनही त्यांनी आपली राहणी वाढविली नाही. परळच्या चाळीतील दोन लहान खोल्यांत त्यांचे कुटुंब राहत असे. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम पत्नी रमाबाई यांच्या हाती देऊन उरलेले पैसे ते लंडनमधील अपुऱ्या शिक्षणासाठी शिल्लक टाकीत. रमाबाईंनी त्या तुटपुंज्या रकमेत संसार चालविला. याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, भीमरावांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि जुलैमध्ये, शिलकीत मित्रांच्या व शाहू महाराजांच्या साहाय्याची भर घालून, ते पुन्हा लंडनला गेले. तेथील ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सर्वांत आधी प्रवेश करणाऱ्यांत आणि सर्वांत शेवटी बाहेर पडणाऱ्यांत ते असत. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

मायदेशी परतल्यावर सार्वजनिक जीवनात त्यांनी बहुधा सूट आणि टाय हाच वेश पसंत केला. त्यामागे केवळ हौस नव्हती. अस्पृश्यांनी चांगली वस्त्रे व दागिने वापरू नयेत, असा दंडक अनेक गावांत होता. अशा समाजात स्वच्छ, व्यवस्थित पोशाख करणे म्हणजे आपले माणूसपण उघडपणे सांगणेच होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना त्यांनी हाच विचार समजावून सांगितला. जातीची खूण ठरणारे जड दागिने टाकावेत, लुगडे घोट्यापर्यंत नेसावे आणि कपड्यांना ठिगळे असली तरी ते स्वच्छ ठेवावेत, असा त्यांचा आग्रह होता. अनेक स्त्रियांनी लगेचच लुगडी नेसण्याची पद्धत बदलली.  त्यांनी महाग कापडाचा नव्हे, तर स्वाभिमानाचा आग्रह धरला होता.

पुढे १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९३५ मध्ये तेथेच प्राचार्य झाले. बुडालेल्या पुस्तकांची आठवण मनात ठेवणाऱ्या या अभ्यासकाने दादरला ‘राजगृह’ ही वास्तू बांधताना ग्रंथसंग्रहाचा विशेष विचार केला. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात सकाळी वर्ग भरवून त्यांनी नोकरी करणाऱ्यांनाही उच्च शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले.

पाण्याच्या भांड्याजवळ त्यांना अडवू पाहणाऱ्यांचे मन त्यांच्या पोशाखाने बदलले नाही. तरीही त्यांनी पोशाख गबाळा होऊ दिला नाही, व्याख्यानाची तयारी कमी केली नाही आणि पैशाचा हिशेब ढिला पडू दिला नाही. इतरांनी मान नाकारला, तरी माणसाने स्वतःचा मान स्वतः राखावा, हे त्यांनी आचरणाने दाखविले. भिलाईसारख्या पोलादनगरीत कारखान्याची पाळी संपवून, हातपाय धुऊन, स्वच्छ कपडे घालून रात्री पुस्तक उघडणारा प्रौढ विद्यार्थी याच वाटेने चालत असतो.