घरी परतलेला कवी : मायकेल मधुसूदन दत्त

बदली होऊन कोलकात्याला आलो, त्याला तीस वर्षे झाली. पहिल्याच वर्षी ऑफिसातला एक बंगाली सहकारी मला मल्लिकबाजारच्या ख्रिस्ती दफनभूमीत घेऊन गेला. एका समाधीपुढे तो चपला काढून उभा राहिला. मायकेल मधुसूदन दत्त हे नाव मी तिथे प्रथम वाचले.

मधुसूदनांचा जन्म 1824 सालचा, आज बांगलादेशात असलेल्या जेसोरमधल्या सागरदाडी गावचा. वडील कोलकात्यातले नामांकित वकील. हिंदू कॉलेजात शिकताना मुलाला इंग्रजी काव्याचे वेड लागले. इंग्लंडला जायचे आणि इंग्रजीतला मोठा कवी व्हायचे, एवढाच ध्यास. 1843 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे वडिलांनी पैसे बंद केले आणि ते मद्रासला गेले. तिथे शिक्षकी व पत्रकारिता करत 1849 मध्ये इंग्रजी काव्य छापले. ते वाचून मातृभाषेत लिहा असा सल्ला दिला तो बेथून या इंग्रज अधिकाऱ्याने!

1856 मध्ये ते कोलकात्याला परतले आणि बंगालीत लिहू लागले. मिल्टनचा निर्यमक छंद त्यांनी बंगालीत आणला. 1861 च्या ‘मेघनादवध’ या नऊ सर्गांच्या महाकाव्यात कथा रामायणाचीच, पण कवीची माया रावणाच्या मुलावर. साहेबाच्या शिक्षणाने त्यांना घरापासून तोडले, आणि घरचीच गोष्ट नव्या नजरेने पाहायलाही शिकवले.

इंग्लंडचे स्वप्न मात्र सुटले नव्हते. 1862 मध्ये ते बॅरिस्टर व्हायला निघाले. फ्रान्समध्ये व्हर्साय इथे कुटुंबासह कर्जात बुडाले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पैसे पाठवून वाचवले. त्याच हलाखीत, परदेशात बसून, त्यांनी गावच्या कपोताक्ष नदीवर बंगालीत सुनीत लिहिले. आपल्याकडे केशवसुतांनी सुनीत आणले, ते यानंतर बऱ्याच वर्षांनी.

परत आल्यावर वकिली चालली, पण पैसा टिकला नाही. 29 जून 1873 रोजी अलीपूरच्या रुग्णालयात ते गेले. पत्नी हेन्रिएटा तीनच दिवस आधी गेली होती.

माझी नात इथे इंग्रजी शाळेत जाते. मराठी लिहायचे म्हटले की तोंड वाकडे करते. पूर्वी मी रागवायचो. हल्ली मधुसूदनांची गोष्ट सांगतो. इंग्रजी खूप वाच म्हणतो, फक्त परतीची वाट लक्षात ठेव. यंदा मंडळाच्या कार्यक्रमाचे निवेदन मराठीत करायला ती तयार झाली आहे. चुकली तर सांभाळून घ्या.