प्लेटचा कॅमेरा उचलताना धाप लागायची म्हणून त्यानं खिशात मावणारा कॅमेरा बनवला, पण तो बाजारात यायला ११ वर्षं लागली

जून २०२२. जर्मनीतल्या वेट्झलार शहरात एका जुन्या कॅमेऱ्याचा लिलाव सुरू होता. कॅमेरा १९२३ सालचा, नंबर १०५. ना बॅटरी, ना स्क्रीन, ना ऑटोफोकस. बोली थांबली तेव्हा सगळा खर्च धरून किंमत झाली होती १ कोटी ४४ लाख युरो. आपल्या हिशोबात शंभर कोटी रुपयांच्याही वर. तोवर जगात कुठल्याच कॅमेऱ्याला एवढी किंमत आली नव्हती.

या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरवर एक नाव कोरलेलं आहे, ऑस्कर बार्नाक.

आज तुमच्यापैकी अनेकजण आवडत्या कंपनीच्या नव्या लेन्सची वाट बघत असतील. लेन्स कधी येणार, किती एफ-नंबरची येणार, आपल्या बॉडीला बसणार का, हे प्रश्न रोज चालतात. पण हे वाट बघणं ज्या कॅमेऱ्यानं घरोघरी नेलं, तो बनवणाऱ्या माणसालाच सगळ्यात जास्त वाट बघावी लागली होती. त्याचीच ही गोष्ट.

ऑस्कर बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागातल्या लिनोव्ह नावाच्या खेड्यातला. शाळा संपल्यावर तो बर्लिनजवळ एका कारखान्यात उमेदवारी करायला लागला. तिथं खगोलशास्त्राची उपकरणं बनायची. केसाएवढाही फरक चालत नाही असं काम. पोराचा हात तिथंच बसला.

पुढं ठिकठिकाणी कामं करत तो १९०२ मध्ये येना शहरात पोहोचला, त्याकाळी लेन्सच्या दुनियेत सगळ्यात मोठं नाव असलेल्या कार्ल झाइस कंपनीत.

येनाच्या आसपास थुरिंगियाचं जंगल आणि डोंगर. बार्नाकला फिरायची आणि फोटो काढायची दोन्ही हौस. पण अडचण अशी की त्याला दमा होता आणि त्यावेळचा कॅमेरा म्हणजे एक संसारच होता. १३ बाय १८ सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेटा, त्या ठेवायच्या लाकडी चौकटी, चामड्याची पेटी, वर तिवई. हे सगळं पाठीवर टाकून चढण चढायची म्हणजे धडधाकट माणसालाही घाम फुटायचा, बार्नाकची तर छातीच भरून यायची.

इथं त्याच्या डोक्यात एक विचार आला. निगेटिव्ह छोटी ठेवायची आणि फोटो नंतर मोठा करायचा.

आज ही गोष्ट साधी वाटते. पण तेव्हा बहुतेकजण जेवढी प्लेट तेवढाच फोटो छापायचे, मोठा फोटो हवा असेल तर मोठा कॅमेरा घ्यायचा असा सरळ हिशोब होता. १९०५ च्या सुमारास बार्नाकनं एकाच प्लेटवर पंधरा-वीस छोटे फोटो काढून पाहिले. ते मोठे केल्यावर रवाच दिसायला लागला. प्लेटवरचा मसाला एवढा बारीक नव्हता. विचार बरोबर होता, साहित्य तयार नव्हतं. बार्नाकनं तो विषय बाजूला ठेवला.

त्याचा एमिल मेखाऊ नावाचा मित्र येना सोडून वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत गेला होता. लाइट्झ म्हणजे मायक्रोस्कोप बनवणारी नावाजलेली कंपनी, कॅमेऱ्याशी तिचा फारसा संबंध नव्हता. मेखाऊनं बार्नाकचं नाव सुचवलं आणि जानेवारी १९११ मध्ये बार्नाक तिथं कामाला लागला.

तिथं त्यानं आधी सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म हाताशी आली आणि जुना विचार परत जागा झाला. या फिल्मचा रवा बारीक होता, ती गुंडाळी होऊन एवढ्याशा जागेत बसायची, आणि कडेच्या भोकांमुळे दातेरी चाकावर नेमकी सरकायची.

सिनेमाची एक फ्रेम १८ बाय २४ मिलिमीटरची असायची. बार्नाकनं फिल्म आडवी फिरवली आणि दोन फ्रेमची एक केली. झाली २४ बाय ३६. आज ज्याला आपण फुल फ्रेम म्हणतो ना, तेच हे माप. तुमच्या डिजिटल कॅमेऱ्यातला फुल फ्रेम सेन्सर आजही त्याच मापाचा आहे.

मार्च १९१४ पर्यंत त्याचा छोटा धातूचा कॅमेरा तयार होता. मालक अर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांना तो इतका आवडला की त्याच वर्षी अमेरिकेला जाताना ते असाच एक कॅमेरा सोबत घेऊन गेले. आता बाजारात आणायचं तेवढं बाकी होतं.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

वेट्झलारच्या चौकात सैन्यभरतीचा हुकूम लागला, त्या गर्दीचे फोटो बार्नाकनं याच कॅमेऱ्यानं काढले. पण कारखाना युद्धाच्या कामाला जुंपला गेला आणि कॅमेरा कपाटात गेला. युद्ध चार वर्षं चाललं. १९२० मध्ये वेट्झलारमध्ये पूर आला तेव्हा बार्नाक परत तोच कॅमेरा घेऊन पाण्यानं भरलेल्या गल्ल्यांमध्ये फिरत होता. तिवई लावायची गरज नाही, प्लेट बदलायची गरज नाही. माणूस चालता चालता फोटो काढू शकतो हे त्यानं स्वतःच करून दाखवलं होतं.

मग घोडं अडलं कुठं? तर लेन्सवर.

२४ बाय ३६ च्या निगेटिव्हवरून १२ इंच रुंद फोटो करायचा तर तो साडेआठ पट मोठा होतो. म्हणजे लेन्समध्ये राहिलेली चूकसुद्धा साडेआठ पट मोठी होते. मोठ्या प्लेटच्या लेन्सना एवढी अचूकता लागत नव्हती. सिनेमाच्या लेन्स अचूक होत्या, पण त्या अर्ध्या फ्रेमसाठी बनलेल्या, त्यामुळे दुप्पट फ्रेमचे कोपरे ढिले पडायचे. थोडक्यात, बार्नाकच्या कॅमेऱ्याला हवी तशी लेन्स दुकानात मिळतच नव्हती.

ती बनवली मॅक्स बेरेक यांनी. बेरेक लाइट्झमध्येच होते, मूळचे खनिजांचा आणि प्रकाशाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. काचेच्या एकेका पृष्ठभागावरून प्रकाशाचा किरण कसा वळेल याची आकडेमोड कागदावर करावी लागायची. त्यातून ५० मिलिमीटर, एफ ३.५ ची लेन्स तयार झाली. आधी तिच्यात पाच काचा होत्या आणि नाव पडलं एल्मॅक्स. अर्न्स्ट लाइट्झ आणि मॅक्स मिळून हे नाव झालं असं सांगतात. पुढं रचना सोपी करून चार काचांची एल्मार आली. ही लेन्स इतकी गाजली की पुढची कित्येक वर्षं ती बनत राहिली.

१९२३ मध्ये चाचणीसाठी वीस-पंचवीस कॅमेरे बनवले गेले. लिलावात विकला गेलेला नंबर १०५ त्यातलाच, बार्नाकच्या स्वतःच्या वापरातला.

पण ते साल जर्मनीसाठी भयंकर होतं. नोटांची किंमत कागदाएवढीही राहिली नव्हती. कारखान्यात हजारभर माणसं होती आणि त्यांना काम द्यायचं कुठून हा प्रश्न होता. जून १९२४ मध्ये अर्न्स्ट लाइट्झ यांनी बैठक बोलावली. मायक्रोस्कोपच्या कंपनीनं अनोळखी धंद्यात उडी घ्यावी का, यावर बराच वेळ खल झाला. अनेकांचा विरोध होता. जाणकारांना हा कॅमेरा खेळणं वाटत होता. पैसे बुडाले असते तर कामगारही गेले असते आणि कंपनीही. शेवटी लाइट्झ यांनी धोका पत्करायचं ठरवलं.

मार्च १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांवरून नाव ठेवलं लायका. पहिल्या वर्षी हजाराच्या आतच विकले गेले, पण पुढच्या काही वर्षांत मागणी भराभर वाढत गेली.

आणि मग सुरू झालं ग्राहकांचं वाट बघणं.

सुरुवातीच्या लायकाची लेन्स काढता यायची नाही. १९३० मध्ये स्क्रूसारखी फिरवून बदलता येणारी लेन्स आली. पण त्यातही मेख होती. लेन्स आणि फिल्ममधलं अंतर प्रत्येक बॉडीत किंचित वेगळं असायचं. त्यामुळं नवी लेन्स हवी असेल तर तुमचा कॅमेरा वेट्झलारला पाठवायचा, तिथले कारागीर ती लेन्स तुमच्याच बॉडीला जुळवणार, मग दोन्ही परत येणार. १९३१ मध्ये हे अंतर सगळ्या कॅमेऱ्यांत एकसारखं केलं आणि कुठलीही लेन्स कुठल्याही बॉडीला बसायला लागली. १९३२ मध्ये फोकस नेमका दाखवणारा रेंजफाइंडर आला.

लेन्सची नावंही घरगुती. बेरेक यांच्या कुत्र्याचं नाव हेक्टर, त्यावरून एका लेन्समालिकेचं नाव हेक्टर पडलं असं म्हणतात.

१९३२ मध्येच बार्नाकच्या जुन्या कंपनीनं, म्हणजे झाइसनं, कॉन्टॅक्स कॅमेरा काढून टक्कर दिली. त्यांच्याकडं एफ १.५ ची लेन्स होती, म्हणजे एल्मारच्या पाचपट प्रकाश आत घेणारी. लायकावाले हात चोळत बसले. १९३३ मध्ये लाइट्झची एफ २ ची सुमार आली तेव्हा कुठं त्यांना थोडा दिलासा मिळाला. आज दोन कंपन्यांचे चाहते आपापसात भांडतात, ते भांडण तेव्हापासूनचं आहे.

फ्रान्सच्या आँरी कार्तिए-ब्रेसाँनं याच काळात लायका हातात घेतला आणि रस्त्यावरच्या फोटोग्राफीचा चेहराच बदलला. ३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींना त्यांच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी भेटलेला फोटोग्राफर तो हाच. जपानमध्ये गोरो योशिदा यांनी लायका उघडून आतली रचना पाहिली आणि तसा कॅमेरा बनवायच्या धडपडीतून पुढं कॅनन कंपनी उभी राहिली.

बार्नाक मात्र यातलं बरंचसं बघायला राहिला नाही. तब्येतीनं त्याची पाठ कधी सोडली नाही. १६ जानेवारी १९३६ ला, वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला. कॅमेरा बाजारात आल्यानंतर त्याला जेमतेम ११ वर्षं मिळाली, जेवढी त्यानं वाट बघण्यात घालवली तेवढीच.

पण त्या वाट बघण्याच्या काळात तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. पुरात फोटो काढले, शटर सुधारलं, लेन्स तपासल्या, आणि वेळ आली तेव्हा कॅमेरा तयार ठेवला. म्हणूनच १९३१ नंतरची स्क्रूवाली लायका लेन्स एक छोटा अडॅप्टर लावला की आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावरही बसते आणि फोटो काढते.

त्यामुळं तुमची आवडती लेन्स पुढच्या वर्षावर ढकलली गेली तर फार मनाला लावून घेऊ नका. हातात जी आहे ती घ्या आणि बाहेर पडा.