भास्कराचार्य

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, पाटण नावाचे गाव आहे. तेथील देवळात एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापिला, असे त्यावरून कळते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचिला. त्याच्या ‘लीलावती’ या भागात एक मौजेचे उदाहरण आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. २७ हातांवरून साप बिळाकडे येत आहे. त्यास पाहून मोर तिरपी झेप घेतो. दोघांची गती सारखी. तर मोर सापास बिळापासून किती हातांवर गाठील? गती सारखी आणि वेळही तोच, तेव्हा दोघांनी आक्रमिलेले अंतरही सारखेच असले पाहिजे. एवढे ध्यानात आले, की काटकोन त्रिकोणावरून उत्तर निघते : १२ हात. तोपर्यंत साप १५ हात सरपटलेला असतो आणि मोरही १५ हातच उडालेला असतो.

परंतु चंद्र काही त्या मोरासारखा एका गतीने जात नाही. तो सूर्याच्या १२ अंश पुढे गेला, की एक तिथी होते. सरासरीने तो दिवसास १३ अंशांहून थोडे अधिक चालतो. पण कधी ही गती १२ अंशांखाली उतरते, तर कधी १५ अंशांपर्यंत चढते. सरासरीवर विसंबणाऱ्याचे गणित चुके. ग्रहण पाहण्यास लोक जमावेत आणि सांगितलेल्या वेळी ते लागूच नये, यापरती ज्योतिष्याची फजिती कोणती?

चंद्राचे आजचे व उद्याचे स्थान पाहावे आणि त्यांतील अंतर हीच दिवसाची गती धरावी, अशी रीत होती. भास्कराचार्यांनी तिला स्थूल गती म्हटले. भंडाऱ्याहून निघालेली मोटार ४० किलोमीटरांवरील साकोलीस तासाभरात पोचली, म्हणून कारध्याच्या पुलावरही ती त्याच वेगाने धावत होती, असे आपण म्हणतो काय? चंद्राचीही त्या त्या क्षणाची गती निराळी असते. तिला तात्कालिक गती म्हणतात. ती काढण्याचा नियम मुंजाल या ज्योतिष्याने पूर्वीच दिला होता. भास्कराचार्यांनी त्याचे मर्म उलगडून दाखविले, आणि तिथीचा अंत जवळ असता हीच गती घ्यावी, असे सांगितले. क्षणाच्या गतीचे संपूर्ण शास्त्र न्यूटन प्रभृतींनी युरोपात उभारले, ते त्यानंतर पाचशे वर्षांनी.

सर्व ग्रह एका दिवसात सारखीच योजने चालतात, हे जुने मत मात्र त्यांनीही मानले होते. ते बरोबर नव्हते, हे आज आपण जाणतो.

इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रहगणिताच्या सोप्या रीती आहेत. पुढे कित्येक शतके पंचांगकर्ते त्यावरून पंचांगे करीत असत.