निफाडचे रानडे आणि लोखंडाचा धंदा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. समाजसुधारक म्हणून ते सर्वपरिचित असले, तरी देशी कारखानदारीचीही त्यांना तितकीच तळमळ होती. दमास्कसच्या तलवारींना पोलाद पुरविणाऱ्या देशात लोखंडाचे नवे कारखाने का बुडाले, याची चिकित्सा त्यांनी १८९२ च्या निबंधात केली. सरकारने अशा उद्योगांना पाठबळ द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. रायफलीची नळी निर्दोष हवी, तर आधी पोलाद निर्दोष हवे. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. बंगालमध्ये इछापूरचा रायफल कारखाना १९०४ मध्ये उभा राहिला, टाटांचे पोलाद १९१२ मध्ये तयार झाले. ते पाहण्यास रानडे नव्हते.