उष्णतेचा हिशेब मांडणारा कलेक्टर

जोझेफ फूरिए, म्हणजे आपल्या इंजिनीअरिंगच्या मुलांचा फोरियर, १७६८ साली फ्रान्समधल्या ओसेर गावी शिंप्याच्या घरी जन्मला. दहा वर्षांचा होईतो आई-वडील दोघेही गेले. राज्यक्रांतीत तुरुंगात पडला. रोबेस्पिअरची सत्ता गेली आणि सुटला. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परतल्यावर नेपोलियनने त्याला ग्रेनोबलला प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखा अधिकारी, नेमले.

तिथले त्याचे एक काम डॉक्टर म्हणून मला मोलाचे वाटते. बुर्ग्वँची दलदल हे तापाचे घर होते. गावोगावच्या लोकांशी बोलणी करून त्याने पाण्याचा निचरा करवला. हिवताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने दाखवले १८९७ मध्ये. म्हणजे कारण कळायच्या कितीतरी आधी उपाय झाला!

कचेरीच्या याच धबडग्यात तो उष्णता कशी पसरते याचा हिशेब करत होता. तापमानाचा आलेख कितीही वेडावाकडा असो, साध्या लहरींची बेरीज करून तो मांडता येतो, असे त्याचे म्हणणे. १८०७ मध्ये निबंध पॅरिसला गेला. लाग्रांजला ती बेरीज पटेना. पुढे बक्षीस मिळाले, पण काटेकोरपणा कमी असल्याचा शेरा मारूनच. शेरा अगदीच चुकीचा नव्हता. त्यातल्या फटी नंतरच्या गणितज्ञांनी बुजवल्या. ग्रंथ निघायला १८२२ उजाडले.

इजिप्तहून आल्यापासून त्याला थंडी सोसत नसे. तापवलेल्या खोलीतही तो भरपूर कपडे घालून बसे. थायरॉइडचा तर्क काहीजण करतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या रोग्याचे निदान करायचा मोह मी आवरतो. १८३० मध्ये तो पॅरिसला वारला.

एमआरआयच्या नळीतून बाहेर आलेले रुग्ण विचारतात, एवढी खडखड कसली? जागेनुसार चुंबकक्षेत्र कमी-जास्त करणाऱ्या वेटोळ्यांची ती. त्यामुळे शरीरातल्या हायड्रोजनचे संदेश जागेप्रमाणे वेगळ्या वारंवारतेने येतात, पण येतात सगळे एकदम. फूरिएच्या रीतीने हा गलका सुटा केला की कुठला संदेश कुठून आला ते कळते आणि चित्र तयार होते.

त्याचे उष्णतेचे समीकरणही वैद्यकात आले. १८५५ मध्ये अॅडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विरघळलेले क्षार पाण्यात कसे पसरतात याचा नियम त्याच धर्तीवर मांडला. यकृतातली गाठ सुई घालून जाळताना उष्णता किती दूर पोहोचेल, हा अंदाजही त्याच समीकरणावरून बांधता येतो. फक्त वाहते रक्त जी उष्णता पळवते ती वजा करावी लागते. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ पुरती जाळणे अवघड जाते ते यामुळेच.