नवानगरचे जामसाहेब : निर्वासित बालकांचे बापू



गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना निर्वासित या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. याच तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७२ साली तिबेटी बांधवांची नोर्ग्येलिंग वसाहत स्थापन झाली. अरुणनगर, गौरनगर यांसारख्या गावांत पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे स्थिरावली. घरदार सोडून आलेल्या माणसाला प्रथम निवारा हवा असतो. त्यानंतर, आपण कोण व कोठले हे सांगणारा कागद हवा असतो. या दोन्ही गरजा जाणणारा एक राजा आपल्या देशात होऊन गेला. नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्यांचे नाव.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८९५ साली काठियावाडात झाला. विख्यात क्रिकेटपटू महाराज रणजितसिंहजी हे त्यांचे काका. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे इंग्लंडमध्ये त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे त्यांनी सैन्यात सेवा केली. १९३३ साली काकांच्या निधनानंतर ते नवानगरच्या, म्हणजे आजच्या जामनगरच्या गादीवर आले. संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे ते कुलपती होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमधील युद्धविषयक मंडळांत त्यांना स्थान मिळाले. पोलंडवर ओढवलेल्या संकटाची त्यांना चांगलीच जाणीव होती.

ते संकट भयंकर होते. १९३९ च्या सप्टेंबर महिन्यात पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडचा घास घेतला. १९४० व १९४१ या वर्षांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. उपासमार, थंडी आणि रोगराई यांमुळे कित्येक मुलांचे आईवडील तेथेच मातीआड झाले. १९४१ च्या जून महिन्यात जर्मनी रशियावरच उलटला. त्यानंतर झालेल्या करारामुळे या बंदिवानांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो स्त्रिया व मुले इराणमार्गे बाहेर पडली. पण त्या अनाथ मुलांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न होता. युद्धाने ग्रासलेल्या जगात त्यांच्यासाठी सहजासहजी दार उघडत नव्हते.

अशा वेळी जामसाहेब पुढे आले. अश्गाबादहून मशहद, झाहेदान व क्वेट्टा असा खडतर प्रवास करून मुलांच्या तुकड्या भारतात पोहोचू लागल्या. पहिल्या तुकडीला काही काळ मुंबईत वांद्रे येथे आसरा मिळाला. १९४२ सालीच जामसाहेबांनी समुद्रकाठच्या बालाचडी येथे, आपल्या उन्हाळी महालाशेजारी, मुलांसाठी छावणी उभारली. खर्चासाठी निधी उभारण्यात आला. त्यात इतर संस्थानिकांनी व टाटांसारख्या उद्योगपतींनीही हातभार लावला. आता तुम्ही अनाथ राहिला नाहीत, मी तुमचा बापू आहे, अशा आशयाचे आश्वासन जामसाहेबांनी मुलांना दिले. तिखट जेवण त्यांना सोसेना म्हणून गोव्याहून स्वयंपाकी आणविण्यात आले, असे सांगितले जाते.

त्यांच्या औदार्याची आणखी एक बाजू आपण कॅथलिक भाविकांनी विशेष ध्यानात घ्यावी. जामसाहेब हिंदू होते. मुले कॅथलिक होती. आश्रयाच्या मोबदल्यात त्यांनी मुलांकडून त्यांची श्रद्धा किंवा भाषा मागितली नाही. छावणीत शिक्षण पोलिश भाषेत चाले, सण पोलिश रीतीने साजरे होत आणि छावणीची धुरा फादर फ्रान्सिशेक प्लुटा या पोलिश धर्मगुरूंकडे होती.

युद्ध संपले तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. पोलंडमधील नवी साम्यवादी राजवट मुलांना परत मागू लागली. ज्या सत्तेने आईबाप हिरावले, तिच्याच छायेत त्यांना धाडावयाचे काय? पुणे विद्यापीठात या विषयावर संशोधन केलेल्या अनुराधा भट्टाचार्जी यांनी त्या काळच्या कागदपत्रांच्या आधारे दाखविले आहे, की जामसाहेब, फादर प्लुटा व एक ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून मुलांना कायदेशीररीत्या दत्तक घेतले व त्यांची सक्तीची रवानगी टाळली. एका कागदाने मुलांचे भवितव्य बदलले.

१९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली आणि मुले आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आली. तेथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तिच्यात चर्च, शाळा व दवाखाना होता. १९४८ मध्ये ती वसाहत रिकामी झाली आणि त्याच जागी फाळणीमुळे निर्वासित झालेल्या सिंधी बांधवांचे गांधीनगर वसले. एकाच भूमीने दोन निर्वासित समाजांना कुशीत घेतले!

स्वातंत्र्यानंतर जामसाहेबांनी आपले संस्थान भारतात विलीन केले. १९४८ ते १९५६ या काळात ते सौराष्ट्राचे राजप्रमुख होते. संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६६ साली त्यांचे निधन झाले. साम्यवादी राजवट असेपर्यंत पोलंडमध्ये त्यांचे नाव उघडपणे घेतले गेले नाही. पुढे वॉर्सा येथील एका शाळेला व एका चौकाला त्यांचे नाव देण्यात आले आणि पोलंड सरकारने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील जामसाहेबांच्या व कोल्हापूरच्या स्मारकांना पुष्पांजली वाहिली.

एवढी वर्षे झाकलेली ही कथा कशामुळे वाचली? निर्वासितांनी जपलेल्या कागदांमुळे. रशियातून सुटलेल्या पोलिश माणसांच्या जबान्या व शाळकरी मुलांचे निबंध अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील हूवर संस्थेच्या अभिलेखागारात आजही अभ्यासकांना पाहावयास मिळतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड व ईस्ट लंडन या विद्यापीठांनीही निर्वासितांविषयीचे संग्रह सांभाळले आहेत. बालाचडीतील मुलांची संख्या कोठे सहाशेहून अधिक, तर कोठे हजार छापलेली आढळते. अशा वेळी मूळ नोंदवहीचे मोल कळते.

आपल्या परिसराकडे वळून पाहू या. नोर्ग्येलिंगच्या स्थापनेला अर्धशतक उलटून गेले आहे. तिबेटी व बंगाली वसाहतींतील पहिल्या पिढीचे लोक एकामागून एक आपल्यातून जात आहेत. त्यांच्या घरी ट्रंकेत पडलेले जुने दाखले, पत्रे व छायाचित्रे वाळवीच्या तोंडी जाण्याआधी कोणीतरी पाहावयास हवीत. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पिढ्यानपिढ्या जपणाऱ्या आपल्या ख्रिस्तसभेला हे काम अनोळखी नाही. आपल्या धर्मग्रामांतील युवकांनी सुटीत एखाद्या वृद्ध शेजाऱ्याकडे जावे, त्यांची कहाणी त्यांच्या संमतीने वहीत उतरवून घ्यावी, तारीख व गाव अचूक नोंदवावे आणि कागद सुरक्षित ठेवण्यास त्या कुटुंबाला मदत करावी. हेरोदाच्या भयाने पवित्र कुटुंबही एकदा परक्या देशात आश्रयाला गेले होते, याचे स्मरण ठेवून हे काम आपण हाती घेऊ या.